थंड गाडी आणि आमचे गृहस्थ

४ डिसेंबर

आजही तेच! किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि गाडी थरथरायला लागली. भर थंडीत कुणी गार पाण्याखाली उभं केल्यासारखी. आरसा हलतो. दारातल्या कप्प्यातली पाण्याची बाटली दात वाजवते. फेऱ्यांचा काटा भांबावल्यासारखा खाली-वर, खाली-वर. चार-पाच मिनिटं हा तमाशा. मग इंजिन तापतं आणि बाईसाहेब अशा गप्प होतात, की मीच काहीतरी भलतं स्वप्न पाहिलं असावं.

नवरा शेजारच्या सीटवर. पट्टा मी लावून दिलेला, काठी दोन गुडघ्यांमध्ये. समोरच्या काचेकडे बघत होता. पूर्वी असता तर एव्हाना बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरला असता आणि मी वरच्या खिडकीतून ओरडले असते — चहा तिथंच आणून देऊ का?

मी काय केलं? रोज करते तेच. रेस दिली. जोरात. आवाज असा झाला की तळमजल्यावरच्या बिऱ्हाडानं दिवा लावला. पण थरथर गेली. गेली म्हणजे ऐकू येईनाशी झाली.

५ डिसेंबर

रविवार सोडून रोज सकाळी साडेसातला आम्ही गाडीनं वाचाबाईंकडे. हे नाव मी ठेवलंय. वाचा गेलेल्यांना ती परत मिळवून देणारी बाई. वय पस्तीसच्या आतबाहेर. केस असे करकचून बांधलेले की भुवया कायम आश्चर्यात. तिच्यापुढे बसलं की आपण शुद्धलेखनाची चूक आहोत असं वाटायला लागतं.

झटका येऊन त्याला पाच महिने झाले. उजवी बाजू अजून लुळीच. कळतं सगळं. शब्द सापडत नाहीत. सापडले तर शेजारचेच हाती येतात — चादर म्हणायचं असतं, चमचा निघतो. धड निघणारे शब्द चार: नको, चहा, हं, आणि एक शिवी. शिवी मात्र खणखणीत. वाचाबाई म्हणाल्या, शिव्या मेंदूत वेगळ्या ठेवलेल्या असतात. असतील. आमच्या घरातही वेगळ्याच ठेवलेल्या होत्या, त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

आज बाईंनी तारीख दिली. सोळा जानेवारीला तपासणी. तोवर त्यानं दोन शब्द आपणहून जोडून म्हटले पाहिजेत. ‘पाणी दे.’ ‘दिवा लाव.’ काहीही. नाही जमलं तर ही जागा दुसऱ्याला. “पुढे सरकणाऱ्यांची रांग लागलीय हो. थांबलेल्याला धरून नाही ठेवता येत.”

मी म्हटलं, जमेल की, परवाच म्हणाला ना, पाणी —

“‘पाणी’ ते म्हणाले. ‘दे’ तुम्ही म्हणालात.”

मी गप्प. (नोंद करून ठेवावी अशी घटना!)

“तुम्ही त्यांची वाक्यं पळवता,” बाई म्हणाल्या. “ते बोलायला लागले की मनात दहापर्यंत मोजायचं. तोंड मिटून.”

६ डिसेंबर

मोजलं. चारला बोलले.

८ डिसेंबर

मेकॅनिककडे. तिथं पोचेपर्यंत गाडी अर्थातच तापलेली.

“ताई, हिला काय झालंय? मांजरासारखी घुरघुरतेय की!”

“सकाळी थरथरते.”

“आत्ता तर नाही थरथरत.”

“आत्ता सकाळ नाही.”

त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ उभा राहिला. नाडी बघतात तसा. म्हणाला, गार असताना मिसिंग करत असेल. मिसिंग म्हणजे काय? तर इंजिनाचा एखादा ठोका मध्येच दांडी मारतो. ठीक. दांडी का मारतो? ते गार असताना बघितल्याशिवाय कसं सांगणार? मग गार कधी बघणार? तुम्ही आणाल तेव्हा. आणते तेव्हा ती तापलेली असते. हो ना, म्हणाला, तीच तर अडचण आहे. आणि मोठा उसासा टाकून: “साहेब असते ना, तर नुसतं ऐकून सांगितलं असतं.”

साहेब दोन हातांच्या अंतरावर, गाडीतच बसलेले. काच खाली.

माझ्या अंगाचा तिळपापड! “साहेब आहेत,” मी म्हटलं. “मेलेले नाहीत, बहिरेही नाहीत. फक्त बोलत नाहीत. न बोलणारं गिऱ्हाईक तुम्हाला चालत नाही का?”

बिचारा कानापर्यंत लाल झाला. खिडकीशी वाकला आणि, लोक करतात तसं, मोठ्या आवाजात, अक्षरं सुटी सुटी करून: “सा-हे-ब! क-सं वा-ट-तं-य?”

साहेबांनी ती शिवी दिली. स्पष्ट, शांतपणे.

“ओळखलं मला!” मेकॅनिक आनंदानं माझ्याकडे वळून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी रस्त्याकडे बघायला लागले. प्लग बदलून देतो म्हणाला.

९ डिसेंबर

नवे प्लग. जुनी थरथर.

११ डिसेंबर

संपादकांचा फोन. वर्तमानपत्रातलं माझं सदर पाच महिने बंद आहे, वाचक विचारतात. “ते तुमचे गाडीवाले गृहस्थ परत आणा ना. लोकांना फार आवडायचे.”

आमचे गृहस्थ! अठ्ठावीस वर्षं दर रविवारी. मी बोलायचे, गृहस्थ ‘हं’ म्हणायचे. बायकोपेक्षा गाडीवर जीव, लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला हवा भरायचा पंप, तो किस्सा तर लोक अजून मलाच ऐकवतात. त्याच्या एका ‘हं’मधून मी आठशे शब्द काढायचे. तो रविवारी सकाळी चष्मा लावून वाचायचा, घडी घालायचा, म्हणायचा: हं. त्यावरही मी एकदा लेख लिहिला.

संपादकांना म्हटलं, गृहस्थ सध्या बोलत नाहीत.

“ते तर कधीच बोलत नव्हते!” आणि हसले. विनोद माझाच, मला परत मिळाला.

१५ डिसेंबर

स्वप्न पडलं. तो बोलत होता. धो धो. कार्ब्युरेटर, वंगण, पट्टे, असं काहीतरी, आणि इतक्या गोड, ओघवत्या भाषेत, की मी टिपून घ्यायला कागद शोधत होते. कागद सापडला तेव्हा कळलं, आपण गाडीच्या आत नाही, इंजिनाच्या आत बसलोय. मोठी, काळोखी, उबदार खोली. कुठून तरी थेंब थेंब गळतंय. तो म्हणाला, ऐकलंस? मी म्हटलं, हो हो, मला माहीत आहे — आणि जाग आली.

तोंड धुतलं तरी स्वप्न पुरतं सुटलं नव्हतं. खाली आलो. गाडीच्या काचा बाहेरून दवानं, आतून आमच्या श्वासानं पांढऱ्या. इमारत नाही, रस्ता नाही, दिव्याच्या खांबाच्या जागी नुसता एक केशरी डाग. दुधाच्या बाटलीत बसल्यासारखे दोघं. किल्ली फिरवली. थरथर. आज मी रेस द्यायला विसरले. मुद्दाम नव्हे. अजून त्या खोलीतच होते.

आणि त्या थरथरीत तो म्हणाला, “नाळ.”

मला वाटलं, गाडीच काहीतरी बोलली.

पुन्हा, “नाळ.” डावा हात उचलून समोरच्या धुरकट काचेवर त्यानं बोटानं एक रेघ ओढली. वाकडी, वळून मागे येणारी.

मी रेस दिली. इतकी, की पुढचं काही ऐकू आलं नाही.

१६ डिसेंबर

आज पुन्हा म्हणाला.

१८ डिसेंबर

आजही. फक्त गाडीत, फक्त ती थरथरत असताना. घरी नाही, वाचाबाईंपुढे नाही. चौकातल्या वळणापर्यंत गाडी तापते, शांत होते, आणि तोही.

इतकी वर्षं झाली. शब्द शोधताना चमचे आणि चादरी सापडणाऱ्या माणसाला हाच शब्द सापडावा?

१९ डिसेंबर

लेकाचा फोन. तो आणि सूनबाई दुसऱ्या गावी. “आई, विकून टाक ना ती गाडी. अठरा वर्षांची झाली. आणि सोळा तारखेला नाही जमलं तर इकडेच या दोघं. इथं वेळ जाईल बाबांचा.”

वेळ जाईल! वेळ जायची सोय करतात ती वेटिंग रूममध्ये.

म्हटलं, बघू. त्याला नाळेबद्दल काय सांगणार? तो तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला आम्ही सांगितलं होतं, आई पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलीय.

२१ डिसेंबर

मेकॅनिकनं आज हवेचा मार्ग साफ केला. त्यातून निघालेली काजळी मला कापडावर पसरून दाखवली. अभिमानानं, दातांचा डॉक्टर काढलेला दात दाखवतो तशी. “आता बघा ताई, उद्या सकाळी लोणी!”

२२ डिसेंबर

लोणी नाही.

पण खरं सांगू? किल्ली फिरवताना मनात होतं — थरथरू दे.

२३ डिसेंबर

आज बोलले.

काचा पांढऱ्या, इंजिन थरथरतंय, त्याचं “नाळ”. आज मी रेस दिली नाही. पाय मागे घेऊन सीटखाली दुमडून ठेवला, लहानपणी मास्तरांपुढे हात मागे बांधायचो तसा. दहापर्यंत मोजलं. अकरा. बारा. मग मीच सुरू झाले. वाचाबाई, माफ करा. पण आज त्याचं वाक्य पळवलं नाही, माझंच होतं.

म्हटलं, दोन वेढे होते ना रे? गळ्याभोवती. डॉक्टर तसंच काहीतरी म्हणाले होते, भूल उतरत होती, मला पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू आलं. नर्स ते न रडलेलं बाळ दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. मला दाखवायला. मी भिंतीकडे तोंड केलं. तू घेतलंस हातात. मग तू काहीतरी सांगायला आलास तर मी म्हटलं, मला काही सांगायचं नाही. एक अक्षर नाही. कधीच नाही.

आणि तू खरंच सांगितलं नाहीस. माझ्या इतर कुठल्या हुकमाचं तू इतकं पालन केलं नसशील.

म्हटलं, तू दुपारी घरी गेलास आणि तेव्हाच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिलास, अंधार पडेपर्यंत. मला शेजारणीनं सांगितलं. मी महिन्यानं लेख लिहिला — ‘आमचे गृहस्थ आणि बॉनेट’. घराला आग लागली तरी हे आधी ऑइल तपासतील! केवढा गाजला. लोक वाचून हसले. तू वाचलास आणि हं म्हणालास. ते हं काय होतं रे?

तो समोर बघत होता. थरथरीमुळे त्याची हनुवटी हलतेय की हनुवटीच हलतेय, कळेना. मग इंजिन तापलं. सगळं एकदम शांत झालं. डाव्या बाहीनं त्यानं काच पुसली, जमेल तेवढी. बाहेर रस्ता होता. आश्चर्यच वाटलं.

“नाळ,” म्हणाला.

“हो,” मी म्हटलं.

साडेसातच्या जागी आठला पोचलो. बाईंच्या भुवया आणखी वर जायला जागा नव्हती.

२६ डिसेंबर

आता रोज पाच मिनिटं. मी बोलते. काय काय आठवतं! ते पिवळं दुपटं. खिडकीबाहेर कुणीतरी लाकूड तासत होतं, त्याचा आवाज. त्याच्या हाताला लागलेलं काळं ग्रीस, मी त्याच्याशी आठ दिवस बोलले नव्हते आणि नवव्या दिवशी पहिलं वाक्य म्हटलं होतं, हात धुऊन ये. इतक्या वर्षांत मी काय काय लिहिलं, हजारो शब्द, आणि हे सगळं आत आपलं थंड पडून होतं.

गाडी दुरुस्त झाली तर काय, असं मनात येतं. मेकॅनिकला दोनदा उद्या येते म्हणून सांगितलं आणि गेले नाही.

२९ डिसेंबर

वाचाबाईंनी कार्डं दाखवली. कप, दार, कंगवा. त्यानं कपाला ‘चहा’ म्हटलं, दाराला ‘नको’. कंगव्याला हं. जोडी नाही. अठरा दिवस उरले.

बाई वहीत काहीतरी लिहितात तेव्हा मला उलटं वाचता येतं, पत्रकारितेचा फायदा. लिहिलं होतं: स्थिर. छान शब्द! तळ्याला, खांबाला, कुणालाही चालेल.

३ जानेवारी

मेकॅनिकच येऊन थडकला! काल गाडी चौकात दिसली म्हणे, सिग्नलला. “ताई, मी नाही सोडणार हिला. उद्या सहा वाजता मीच येतो तुमच्याकडे. माझ्याआधी किल्लीला हात लावायचा नाही. रात्रभर गार पडली पाहिजे.”

कारण सुचेना. एरवी मला कारणं सुचायला वेळ लागत नाही.

४ जानेवारी

सहाला हजर. टॉर्च, फडकी, फवाऱ्याचा डबा. कानटोपी इतकी खाली की नुसती मिशीच आली असं वाटलं. साहेबांनाही खाली आणलं, त्यांच्या नेहमीच्या सीटवर बसवलं. बॉनेट उघडलं.

“लावा!”

किल्ली फिरवली. थरथर सुरू झाली आणि माझा पाय सवयीनं खाली.

“पाय काढा!”

“बंद पडेल.”

“पडू दे. पाय काढा ताई. तुम्ही पाय देता म्हणून ती कधी सांगतच नाही कुठं दुखतंय!”

हे वाक्य सदरात घालण्यासारखं आहे. घालणार नाही.

पाय काढला. गाडी आचके देत राहिली. मेकॅनिक फवारा घेऊन एकेका सांध्यावर मारत चालला. इथं काही नाही, इथं काही नाही. मग पार मागे, टॉर्च तोंडात धरून, हात कोपरापर्यंत आत. फुस्स, आणि एकदम इंजिनाचा सूर बदलला! जणू कुणी अडखळणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“सापडली! इथून हवा खातेय!”

(रोज सकाळी हवा खायला मीच घेऊन जाते. असो.)

बोटभर रबरी नळी. वळलेली, बाहेरून धडधाकट. वाकवली की पोटाशी चीर उघडते. गार असताना रबर कडक, चीर उघडी. तापलं की रबर फुगून चीर आपोआप मिटते. म्हणून माझ्या दारात येईपर्यंत बरी झालेली असायची, मेकॅनिक म्हणाला. नळी वर धरून नाचायचाच बाकी होता. “नळी, साहेब! नळी फाटली होती!”

आणि आतून काचेवर थाप. तो डाव्या हातानं काच बडवत होता. “नाळ! नाळ!”

मेकॅनिकचा हात तसाच हवेत. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. “ताई, साहेब नळीच म्हणत होते की! कधीपासून म्हणतायत?”

“पंधरा डिसेंबर,” मी म्हटलं.

“अहो, मग सांगायचं नाही का मला? मी इकडं प्लग काय बदलतोय, काजळी काय काढतोय! म्हटलं नव्हतं, साहेब नुसतं ऐकून सांगतील?”

मी हसायला लागले. बॉनेटला टेकून, पोट धरून. मेकॅनिकही हसला. तळमजल्यावरचा दिवा लागला. मग माझं हसू थांबेना तेव्हा तो हसायचा थांबला आणि म्हणाला, ताई, पाणी आणू का?

५ जानेवारी

म्हणजे मी दोन आठवडे एका रबरी नळीपुढे मन मोकळं करत होते.

त्यानं रेघ ओढली होती ती नळी. वाकडी, वळून येणारी. साहजिकच! तो बिचारा सांगतोय, अगं गाडीची नळी बघ, आणि शेजारी बायको पिवळ्या दुपट्याबद्दल रडतेय. आमच्या संसारावरचा यापेक्षा चांगला लेख मला जन्मात जमणार नाही. शेवटी गृहस्थांना बॉनेटच दिसत होतं.

लिहायला बसले. पहिलं वाक्य झालं. खोडलं.

६ जानेवारी

नवी नळी. गाडी सुरू झाली की नाही हे बघायला काट्याकडे बघावं लागतं. थरथर नाही. थांबायचं कारणच नाही. काचा पुसल्या, निघालो, वीस मिनिटं आधी पोचलो. बाहेर बाकावर बसून राहिलो. दोघं.

९ जानेवारी

दुरुस्ती झाल्यापासून तो काही बोललेला नाही. ‘चहा’ नाही, ‘नको’ नाही. शिवीसुद्धा नाही. वाचाबाईंकडे कार्डं पुढे सरकतात, तो खिडकीबाहेर बघतो.

लेक म्हणतो, आई, वरची खोली रिकामी करून ठेवतोय.

१२ जानेवारी

बाईंना सांगून टाकलं. नाळ आणि नळी, सगळं. विनोदी करून सांगितलं, मला दुसरं येत नाही. नळी वर धरून नाचणारा मेकॅनिक, माझी नक्कल, त्याची नक्कल.

बाई हसल्या नाहीत.

“ते नाळ म्हणतायत, हे कुणी ठरवलं?”

“मी.”

“आणि नळी म्हणतायत हे?”

“मेकॅनिकनं. पण ते तर उघडच —”

“तुम्हाला पटलं. म्हणजे तेही तुम्हीच ठरवलंत.” बाईंनी पेनाला टोपण लावलं. “त्यांना कुणी विचारलं?”

तो बाहेर व्हरांड्यात, काठीवर हनुवटी टेकून बसलेला. दारातून त्याचा अर्धा चेहरा दिसत होता, चांगला अर्धा. मला एकदम वाटलं, याला आपलं सगळं ऐकू जातंय. सहा महिने. अठ्ठावीस वर्षं.

कसं विचारायचं असतं? प्रश्न मी आजवर लोकांना अडकवायलाच विचारले.

१३ जानेवारी

विचारलं. स्वयंपाकघरात, तो भिंतीला खुर्ची टेकवून बसला होता. “तू गाडीत काय म्हणत होतास रे?” एवढंच. पुढं काही जोडलं नाही. उत्तर सुचवलं नाही. दहा नाही, शंभरपर्यंत मोजलं असेन. भांड्यांवरून पाणी निथळत होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, ओठांनी काहीतरी आकार केला, मिटलं.

“हं,” म्हणाला.

१५ जानेवारी

उद्या तपासणी. शेवटचा सराव. ग्लास जरा लांब ठेवला, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, म्हणजे मागावा लागेल. “पाणी,” तो म्हणाला. मी तोंड मिटून बसले. वाट बघितली. आणखी बघितली. तो उठला, काठी टेकत पलीकडे गेला, आपल्या हातानं ग्लास घेतला आणि प्यायला.

बरोबर आहे. जोडी लागते कशाला?

संध्याकाळी कपाटातून बॅगा काढल्या, परत ठेवल्या.

१६ जानेवारी

गाडी सुरू झाली, आवाजही नाही. गिअर टाकणार, तर त्याचा डावा हात ओलांडून आला आणि माझ्या हातावर बसला. घट्ट.

“मुलगी,” तो म्हणाला.

मी काही विचारलं नाही. मोजलंही नाही. काचा हळूहळू पांढऱ्या व्हायला लागल्या.

“नाक —” ओठ जुळेनात. पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम. साडेसात वाजून गेले, जाऊ देत.

“नाक तुझं.”